बोटांना न कळलेली थरथर

अब्बांचा बटणांचा मोबाईल भाटघरला एका अंगणात, बांगड्या भरायला वाकताना, वरच्या खिशातून निसटला आणि पाण्याने भरलेल्या बादलीत पडला. अम्मीने तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला, मग पत्र्यावर उन्हात वाळवला, मग परत तांदळात. काही उपयोग झाला नाही. शेवटी नवा फोन घ्यायचं ठरलं आणि तो मोठ्या स्क्रीनचा, टचचाच असावा हा हट्ट माझा होता.

माझे अब्बा भोरचे मन्यार. काचेच्या बांगड्या विकायच्या आणि बायकांच्या हातात भरायच्या, हा आमचा पिढीजात धंदा. बाजारात छोटं दुकान आहे, पण अब्बांचा जीव दुकानात कधी रमला नाही. पेटारा घेऊन एसटीने वेल्ह्याकडे निघायचं, विंझरला उतरायचं, तिथून वाड्यावस्त्यांवर चालत जायचं, हे त्यांच्या मते खरं काम. त्या भागातली कितीतरी घरं त्यांच्या वडिलांपासून जोडलेली. तिथल्या बायका त्यांना चाचा म्हणतात. लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी आपल्याला फोन येतो, असं अब्बा फुशारकीने सांगायचे, आणि ती फुशारकी बरीचशी खरी होती.

मला कामथडीला दिलेली. हायवेच्या कडेला नवऱ्याचं टायर-पंक्चरचं दुकान आहे, तिथे दिवसभर ट्रकवाल्यांचा राबता. रविवारी मात्र मी भोरला अम्मीकडे असतेच. माझं म्हणणं साधं होतं. फोन चांगला असला तर अब्बांनी नव्या बांगड्यांचे फोटो पाठवावेत, गावातल्या पोरींनी रंग निवडावा, आणि नको तो माल घेऊन डोंगर चढण्याची या वयात वेळ येऊ नये.

पण अब्बांचं आणि त्या फोनचं पहिल्या दिवसापासून बिनसलं. उभी हयात काचेत गेलेला माणूस त्या वीतभर काचेपुढे अगदी हतबल झाला. ते आधी हळू दाबायचे, काही व्हायचं नाही. मग जोरात दाबायचे, तेव्हा भलतंच काहीतरी उघडायचं. मला त्यांचे सारखे फोन यायचे आणि दर वेळी ते माझ्यावरच खेकसायचे, की तुला लावलाच नव्हता. एकदा तर व्हिडिओ कॉल लागला आणि बराच वेळ मी त्यांची हनुवटी आणि आढ्याचा पंखा बघत बसले. त्यांची तक्रार एकच होती. जुन्या फोनचं बटण दाबलं की दाबलं हे कळायचं, ह्याला दाबलं काय आणि न दाबलं काय, सारखंच.

एवढंच ना, असं मी म्हटलं. त्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर अम्मी लसूण सोलत बसली होती, मी अब्बांशेजारी बसून फोनचं सेटिंग उघडलं. आवाजाच्या खाली व्हायब्रेशन होतं, त्याच्या पोटात आणखी एक पान होतं आणि तिथे लिहिलं होतं ‘स्पर्श फीडबॅक’. मी ते चालू केलं. खाली एक आडवी पट्टी होती आणि पट्टीवर एक ठिपका. ठिपका जसजसा उजवीकडे न्यावा तसतसा थरथरीचा जोर जास्त. अब्बांना समजावून सांगितलं, की आता तुम्ही दाबलंत की फोन तुमच्या बोटाला तसं कळवेल. त्यांना ते आवडलं. त्यांनी बोट धोतराला पुसलं आणि दाबलं.

लागत नाही म्हणाले. मी ठिपका मध्यावर नेला. त्यांनी परत दाबलं आणि मान हलवली. मी तो पार टोकाला नेला. तरी नाही. मी स्वतः दाबून बघितलं, तर माझ्या बोटाला चांगला टक्क धक्का बसला. माझा पारा चढायला वेळ लागत नाही, तो मी अब्बांकडूनच घेतलाय. मला वाटलं, म्हातारा मुद्दाम करतोय, फोन नको आहे म्हणून खोडे घालतोय. तसं बोललेही. त्यांनी बोट परत धोतराला पुसलं. ते मला आणखी झोंबलं आणि मी तो फोन उचलून चपला घातल्या.

कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याने फोन उलटासुलटा करून बघितला, स्वतः दाबला, त्याच्या गिऱ्हाइकाला दाबायला दिला. फोनला काही झालेलं नाही, असं तो म्हणाला. मी तणतणत घरी आले आणि फोन अम्मीपुढे धरला. अम्मीने लसणाचंच बोट टेकवलं आणि हसली. मुंगी चावल्यागत लागतंय की, असं म्हणाली. म्हणाली आणि मग तिचं हसू तिथंच थांबलं. ती अब्बांकडे बघायला लागली. अब्बा आपल्या बोटांकडे बघत होते.

मी त्यांना एकेक बोट टेकवायला लावलं. डाव्या करंगळीला काहीतरी कळतंय म्हणाले. उजव्या हाताला काहीच नाही. बाजूच्या घरात कुणीतरी टीव्ही मोठ्याने लावला होता आणि मला त्याचा फार राग आला.

मन्याराच्या बोटांचं काम ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. हल्ली दुकानांतून हाताला प्लास्टिकची पिशवी चढवतात आणि तिच्यावरून बांगड्या सरकवतात. अब्बांना ती पिशवी बघवत नाही. त्यांची पद्धत म्हणजे हात हातात घ्यायचा, अंगठ्याच्या बुडाशी दाबून बघायचं, हाड किती आत जातं ते अजमावायचं आणि त्या अंदाजाने बांगडी फिरवत फिरवत वर न्यायची. कुठे थांबायचं, किती जोर द्यायचा, हे सगळं बोटं ठरवतात. डोळे त्या बाईच्या चेहऱ्याकडे आणि तोंडाने घरची चौकशी चालू, सासू कशी आहे, म्हैस व्याली का. बाईला कळायच्या आत हात भरलेला असतो. या सगळ्यात बोटांनाच काही कळेनासं झालं, तर उरतं काय?

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. अम्मी कधीपासून रोज सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं लावून देत होती. चहाच्या पेल्याने बोटांना फोड आला तो त्यांना दुसऱ्या दिवशी दिसला होता. हल्लीच्या पोरींना सैल बांगड्या आवडतात, असं म्हणत ते सव्वादोनच्या हाताला अडीचचं माप द्यायला लागले होते. मला त्यांनी हे सांगितलंही होतं आणि मी भाबडेपणाने मान डोलावली होती. त्यांना स्वतःला पूर्ण कळलं नव्हतं, असं ते म्हणाले. काचेने कातडं निबर झालंय, एवढंच वाटायचं म्हणे. मला ते अर्धंच पटलं.

डॉक्टरांनी शुगर तपासली. अब्बांना शुगर आहे हे घरात ठाऊक होतं, पण ती बोटांपर्यंत पोचेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. औषधपाणी नीट केलं तर आहे तिथे थांबेल, गेलेलं परत येईल याची खात्री नाही, पाय जपा, असं त्यांनी सांगितलं. अब्बांनी त्यातलं औषधपाण्याचं तेवढं ऐकलं. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, बघ, औषधाने जातंय म्हणाले डॉक्टर.

मी फोनचं उरलेलं सेटिंग करून दिलं. कॉल आला की लांब, दणदणीत थरथर व्हावी असं ठेवलं, आणि फोन बंडीच्या वरच्या खिशात ठेवायला सांगितला. छातीला ती लागायची. लागली की अब्बांचा चेहरा खुलायचा आणि ते मोठ्या रुबाबात फोन काढायचे. विंझरचा फोन असाच आला. तिथल्या एका जुन्या घरातली आजी बोलत होती. नातीचं लग्न ठरलंय, चुडा चाचांनीच भरायचा. अब्बांनी तारीख न विचारताच येतो म्हणून सांगितलं.

चुडा म्हणजे लग्नाआधी नवरीच्या दोन्ही हातांत भरायच्या हिरव्या काचेच्या बांगड्या. त्या भरताना हातातच बांगडी तडकली तर घरच्यांचं तोंड उतरतं. अपशकुन मानतात. तडकलेली बांगडी ‘फुटली’ असंसुद्धा म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. आणि हे घर तर असं, की त्या आजीचा चुडा अब्बांच्या वडिलांनी भरलेला, तिच्या सुनेचा अब्बांनी. अब्बा चुडा भरायला गेले आणि हाताने दगा दिला, तर त्या घरात इतक्या वर्षांची राखलेली अब्रू जाणार होती. गेलेच नाहीत, तर ते त्या गावचे चाचा उरणार नव्हते. यातलं कुठलं वाईट, हे माझं मला ठरवता येईना. कामथडीत भाकऱ्या थापताना माझ्या डोक्यात तेच असायचं.

मध्ये एकदा नवऱ्याचं भोरला काम निघालं, त्याच्याबरोबर मी अचानक दुकानात गेले. अब्बा आतल्या बाजूला बसले होते. डोळे मिटलेले, फोन मांडीवर, आणि एकेक बोट ते त्या काचेवर टेकवत होते. टेकवायचं, थांबायचं, पुढचं बोट. अंधारात काडेपेटी चाचपावी तसं चाललं होतं. अंगठ्यापर्यंत गेले आणि परत करंगळीपासून सुरू. मला इतकं भरून आलं, की आल्या पावली परत फिरावंसं वाटलं. पण पायरी वाजली आणि त्यांनी डोळे उघडले.

“अजून जोर करता येतो का गं ह्येचा?” त्यांनी विचारलं.

ठिपका टोकाला आहे हे मला माहीत होतं. तरी मी सेटिंग उघडलं आणि त्यांना दाखवलं.

“ह्याच्या पुढं न्हाई, अब्बा.”

त्यांनी बराच वेळ त्या पट्टीकडे बघितलं. फोन बनवणाऱ्यांनी जोर कमीजास्त करायची सोय दिलेली आहे. मंद, मध्यम, कडक, ज्याला जे हवं ते घ्यावं. पण सगळी सोय फोनच्या बाजूने. पलीकडच्या बोटाला काही ऐकू येत नसेल, तर त्यासाठी पट्टी कुठल्या सेटिंगात असते, ते मला अजून सापडलेलं नाही. आम्ही टच म्हणतो खरं, पण काचेला हात लावणं आणि हाताला काही लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी दुकानात उभ्या उभ्या समजलं.

मी तिथेच विषय काढला. चुडा मी भरते म्हटलं. लहानपणी अम्मीच्या हातावर मी बांगड्या भरायला शिकले, लग्नाआधी सणासुदीला अब्बांच्या बरोबरीने दुकानात बसले. माझा हात वाईट नाही. पण अब्बा हट्टाला पेटले. दुकानातलं गिऱ्हाईक वेगळं आणि चुडा वेगळा, त्या घरात माझ्या बापाचा हात लागलाय, असं म्हणाले. मी विचारलं, आणि तिच्या हातात बांगडी तडकली तर? हे मी जरा जास्तच मोठ्याने विचारलं. त्यावर ते पेटारा उघडून बांगड्यांच्या माळा उगाचच इकडच्या तिकडे करत बसले. घरी अम्मीने दोघांची बाजू ऐकून घेतली आणि कुणाचीच घेतली नाही. दोघं मिळून जा, एवढंच म्हणाली.

ठरल्या दिवशी मी नसरापूर फाट्यावर एसटीत चढले. अब्बांनी शेजारची जागा धरून ठेवली होती. पांढरा स्वच्छ शर्ट, डोक्यावर टोपी, पेटारा दोन्ही पायांच्या मध्ये. विंझर येईपर्यंत आम्ही कामापुरतंच बोललो.

घर माणसांनी भरलेलं होतं. मांडव घातला होता, अंगणात सतरंजी, सतरंजीवर नवरी बसलेली, सडपातळ, कुठल्याशा कॉलेजात शिकलेली पोरगी. भोवती बायकांचा गराडा. आजी खांबाला टेकून बसली होती. अब्बांना पाणी, चहा, सगळं अगत्याने झालं. मग त्यांनी पेटारा उघडला, नवरीचा उजवा हात हातात घेतला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत विचारपूस सुरू केली. कॉलेज कुठलं, सासर कुठं. मी शेजारी बसून एकेक बांगडी पुढे करत होते. पहिल्या काही नीट चढल्या. अब्बांचा आवाज मोकळा झाला. त्यांनी आजीची थोडी चेष्टाही केली, की तुमच्या चुड्याच्या वेळी तुम्ही किती रडला होतात ते आमचे वडील सांगायचे. बायका हसल्या. मलाही क्षणभर वाटलं, मी उगाच घाबरले.

मग पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. बायका म्हणाल्या, बघा, हीपण आजीवर गेली, आत्तापासूनच रडायला लागली. पण मी तिच्या हाताकडे बघत होते. अंगठ्याच्या बुडाशी कातडं सोललं होतं. अब्बा बांगडी रेटत होते, हाड आत गेलेलं नव्हतं, आणि बांगडीला केसाएवढी चीर पडली होती. त्या चिरेची धार त्यांच्या अंगठ्याखालीच होती. त्यांना ती लागत नव्हती. पोरगी ओठ दाबून बसली होती, कारण चाचांना कसं सांगायचं.

मी अब्बांच्या हातावर हात ठेवला. “अब्बा, थांबा. तिचा हात दुखतोय.”

अब्बांनी हसऱ्या चेहऱ्यानेच पोरीला विचारलं, दुखतंय का बाळ? तिने नाही म्हणून मान हलवली आणि तिच्या गालावरून पाणी ओघळलं. अब्बांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली मान घालून, बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदाच, त्यांनी आपल्या हातातला हात डोळ्यांनी बघितला. बोटाला रक्त लागलं होतं. ते त्यांचं नव्हतं.

मला वाटलं, आता ते काहीतरी कारण सांगतील. माप चुकलं म्हणतील, माल खराब आला म्हणतील, आणि मी मान डोलावेन. तशी माझी तयारीही झाली होती. अब्बांनी पोरीचा हात अगदी हळू तिच्या मांडीवर ठेवला आणि आजीकडे वळले.

“आक्का, माज्या बोटांस्नी आता कळत न्हाई,” ते म्हणाले. “म्या सांगायला पायजे हुतं. सांगितलं न्हाई. लेकराला लागलं.”

आजी खांबाचा आधार घेत उठली, जवळ आली, नातीचा हात बघितला आणि सुनेला हळद आणायला सांगितली. मी ती तडकलेली बांगडी रुमालात धरून मोडून काढली. वाढली, असं आजी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाली, आणि अपशकुनाचा विषय तिने तिथेच संपवला. मग ती अब्बांसमोर बसली.

“चाचा, उठायचं न्हाई,” ती म्हणाली. “लेक भरंल. पण तुमी हितंच बसायचं.”

मी अब्बांच्या जागी सरकले आणि ते माझ्या जागी. मी पोरीचा डावा हात हातात घेतला. अंगठ्याचं हाड दाबून बघितलं, हात मऊ होता, घामेजलेला होता, आणि तिची नाडी माझ्या बोटांना लागत होती. अब्बा एकेक बांगडी माझ्या पुढे धरत होते. देण्याआधी प्रत्येक बांगडी ते डोळ्यांजवळ नेऊन निरखत होते, त्यामुळे उशीर होत होता. कुणीही घाई केली नाही. मी पोरीला सासरबद्दल विचारायला लागले आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की मी तिच्या चेहऱ्याकडे बघतेय. उजव्या हाताला हळद लावून झाली होती. तो भरताना मी दुखऱ्या जागेवरून बांगडी न टेकवता नेली. दोन्ही हात भरले आणि एकही बांगडी तडकली नाही.

चुडा भरून झाला की नवरी बांगड्या भरणाऱ्याच्या पाया पडते. ती मोठ्या घरची असो, आणि समोर मन्यार असो की कासार, त्या वेळी ती वाकते. पोरगी उठली, पदर सावरला आणि अब्बांपुढे वाकायला गेली. अब्बा मागे सरले.

“मला न्हाई, बाळ. जिनं भरला तिला.”

पोरगी माझ्यापुढे वाकली. माझ्यापेक्षा ती फार लहान नव्हती. आमच्या घरात हा नमस्कार आजवर पुरुषांनीच घेतलेला, मी तो लहानपणी पेटाऱ्याशेजारी बसून पाहिलेला. अब्बांनी आशीर्वाद दे म्हणून सांगितलं. मी पुटपुटले.

“मोठ्यानं,” अब्बा म्हणाले. “तिला ऐकू गेलं पायजे.”

“सुखानं नांद,” मी मोठ्याने म्हटलं. “तुझा चुडा अखंड राहू दे.” शब्द अब्बांचेच होते. मी मान वर केली तेव्हा अब्बा माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या बोटांकडे बघत होते.